खारे पाणी, वाळवंटी पिके आणि मुळांजवळचे जीवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरबी द्वीपकल्प, उत्तर आफ्रिकेतील मरूद्याने आणि आपल्याकडील थरचे वाळवंट या तिन्ही प्रदेशांत ओलिताची बरीचशी शेती भूजलावर चालते आणि हे भूजल अनेक ठिकाणी खारे असते. पिकाला त्याचा त्रास होतो हे पानांच्या करपलेल्या कडांवरून लगेच कळते. मुळांना चिकटून राहणाऱ्या जीवाणूंचे काय होते हे मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्याविषयी भाबडी आशा आणि अनाठायी भीती या दोन्ही गोष्टी सारख्याच पसरलेल्या आहेत. पुढील उत्तरांत खजूर हे मुख्य उदाहरण घेतले आहे; गरजेप्रमाणे लसूणघास, गवार आणि समुद्राच्या पाण्यावर वाढणारी सॅलिकॉर्निया यांचाही उल्लेख येतो.

मुळांजवळचे जीवाणू म्हणजे नेमके कोणते? जमिनीतील सर्वच जीवाणू त्यात येतात का?

नाही. मुळाच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटरपर्यंतची माती बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळी असते, कारण मूळ सतत शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्ले बाहेर सोडत असते. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या पट्ट्याला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. या पट्ट्यात राहणारे, मुळाच्या सालीवर थर करून बसणारे आणि मुळाच्या आत पेशींच्या मधल्या जागेत शिरलेले, असे तीन गट सामान्यतः मानले जातात. वाळवंटात हा भेद अधिकच ठळक होतो. मुळापासून दूर असलेल्या कोरड्या वाळूत सेंद्रिय कर्ब नगण्य असल्यामुळे जीवाणूंची संख्या कमी असते आणि मुळाजवळ आल्यावर ती एकदम वाढते.

थरमधील सेवण गवताचा किंवा बाजरीचा ठोंब हलक्या हाताने उपटून पाहिल्यास मुळाभोवती वाळूचे नळीसारखे आवरण चिकटलेले दिसते आणि झटकले तरी ते सहजासहजी गळून पडत नाही. मुळावरील केस, मुळातून झरणारा चिकट द्रव आणि जीवाणूंनी तयार केलेला डिंकासारखा पदार्थ यांनी वाळूचे कण एकत्र धरलेले असतात. पाणी आणि क्षार यांची मुळाशी पहिली गाठ पडते ती या आवरणात.

वाळवंटातील ओलिताचे पाणी इतके खारे का असते, आणि त्यातून शेतात किती मीठ येते?

कारणे प्रदेशानुसार वेगळी आहेत. ओमानच्या बातिना किनारपट्टीवर उपसा प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकले. राजस्थानच्या पश्चिम भागात भूजल मुळातच जुने आहे, पाऊस कमी असल्यामुळे त्याचे पुनर्भरण अत्यल्प होते आणि कित्येक गावांत ते मचूळ किंवा खारे लागते. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी तर गोडे आहे. परंतु निचरा नसलेल्या भागात त्या गोड्या पाण्यानेच भूजलपातळी वर आणली, खालच्या थरातील क्षारही वर आले आणि जमिनी पाणथळ व खारवट झाल्या.

शेतात येणाऱ्या मिठाचा हिशेब सोपा आहे. पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ज्याला सर्वजण ‘ईसी’ म्हणतात ती, ५ डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर त्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ३.२ ग्रॅम क्षार असतात. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १०,००० लिटर पाणी देणे, आणि त्यासोबत ३२ किलो क्षार देणे. वर्षभरात १,००० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी ३२ टन क्षार शेतात येऊन पडतात. पीक त्यातील फारच थोडा भाग उचलते, पाण्याची वाफ होते आणि क्षार जागेवर राहतात. म्हणून मुळाजवळच्या मातीतील द्रावण ओलिताच्या पाण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच अधिक खारे असते, आणि जीवाणूंना तोंड द्यावे लागते ते या द्रावणाला. पाण्याच्या अहवालातील आकडा ही फक्त सुरुवात असते.

ईसी किती असल्यास पाणी ‘खारे’ समजावे?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार ०.७ पेक्षा कमी ईसीचे पाणी निर्धोक, ०.७ ते ३ पर्यंतचे पाणी थोड्या-मध्यम काळजीने वापरण्याजोगे आणि ३ च्या वरचे पाणी गंभीर मर्यादा असलेले मानले जाते. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या पुढे असतो. जमिनीच्या बाबतीत, संपृक्त मातीतून काढलेल्या अर्काचा ईसी ४ च्या वर गेल्यास जमीन क्षारयुक्त समजण्याची पद्धत १९५४ पासून रूढ आहे.

पिकापिकांत फरक मोठा आहे. खजुराचे उत्पादन मातीच्या अर्काचा ईसी ४ होईपर्यंत घटत नाही आणि त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे ३.६ टक्क्यांनी घटते. म्हणजे ते निम्म्यावर येण्यास ईसी १८ च्या आसपास जावा लागतो. घेवड्याचे उत्पादन ईसी १ ओलांडताच घटू लागते आणि दर एककाला सुमारे १९ टक्के कमी होते. जीवाणूंसाठी असा सर्वमान्य तक्ता नाही, आणि तो होणेही अवघड आहे, कारण एकाच चिमूटभर मातीत ईसी ५ ला कोलमडणारे आणि ईसी ५० लाही सुखाने जगणारे असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात.

खारे पाणी जीवाणूच्या पेशीला नेमके काय करते?

पहिला आघात परासरण दाबाचा असतो. बाहेरचे द्रावण घट्ट झाले की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. ईसी १० असलेल्या द्रावणाचा हा ओढा साधारण ३.६ बार इतका भरतो. पेशी त्यावर लगोलग उपाय करते: काही मिनिटांतच ती पोटॅशियमचे आयन आत घेते आणि ग्लुटामेट साठवते. नंतर ती अशी संयुगे आत जमा करते की जी पाणी धरून ठेवतात पण पेशीतील प्रथिनांच्या कामात अडथळा आणत नाहीत. ग्लायसिन बीटेन, प्रोलिन, ट्रेहॅलोज आणि इक्टोइन ही त्यांची नावे. यांतील इक्टोइनचा शोध १९८५ मध्ये लागला, आणि तोही इजिप्तच्या वाळवंटातील वादी नात्रून येथील सोडायुक्त सरोवरांतून मिळालेल्या एका जीवाणूत.

दुसरा आघात सोडियम आणि क्लोराइड यांच्या विषारीपणाचा. आत शिरलेले सोडियम पेशीला पंपाने बाहेर फेकावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा लागते.

खरी मेख इथेच आहे. हे सर्व उपाय खर्चिक आहेत. इक्टोइन किंवा ट्रेहॅलोज पेशीत तयार करायचे तर कर्ब आणि ऊर्जा दोन्ही मोजावी लागतात, आणि हा खर्च प्रत्येक जीवाणूला सारखा परवडत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील अहारोन ओरेन यांनी १९९९ मध्ये हा मुद्दा नेटकेपणाने मांडला: ज्या प्रक्रियेतून जीवाणूला ऊर्जा कमी मिळते, ती प्रक्रिया करणारे जीवाणू अतिखाऱ्या ठिकाणी आढळत नाहीत. तुटपुंज्या मिळकतीच्या घराला भाडे वाढले की आधी गाव सोडावे लागते, तसेच हे आहे. या एका सूत्राने पुढील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

म्हणजे खाऱ्या पाण्याने मुळांजवळचे जीवाणू मरून जातात का?

काही मरतात, काही निद्रिस्त होतात आणि काहींची चंगळ होते. एकूण संख्या घटते हे अनेकदा खरे असले, तरी ‘जमीन निर्जंतुक झाली’ हे वर्णन चुकीचे आहे. लोझुपोन आणि नाइट यांनी जगभरच्या निरनिराळ्या पर्यावरणांतील जीवाणूंच्या जनुकीय नोंदी एकत्र करून २००७ मध्ये दाखवले, की कोणत्या ठिकाणी कोणते जीवाणू राहतील हे ठरवणाऱ्या घटकांत खारेपणा हा तापमान आणि सामू (पीएच) यांच्याही वर पहिल्या क्रमांकावर येतो. म्हणजे खारे पाणी मुख्यतः निवड करते. बॅसिलस आणि हॅलोमोनास यांसारख्या गटांतील क्षारसहिष्णू जाती टिकतात, आणि नाजूक जाती मागे पडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न असा, की मागे पडलेले जीवाणू जे काम करत होते ते काम नवे जीवाणू करतात का. सेंद्रिय पदार्थ कुजवणे हे काम शेकडो जातींना येते, त्यामुळे ते मंदावले तरी थांबत नाही. मोजक्याच जातींच्या हाती असलेली कामे मात्र अडतात, आणि त्यांत नत्राची कामे सर्वांत वर आहेत.

नत्राच्या चक्रावर काय परिणाम होतो?

युरिया किंवा शेणखत यांतून सुटलेल्या अमोनियमचे नायट्रेट करणारे जीवाणू अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या थोड्याशा ऊर्जेवर जगतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर बांधतात. मिळकत कमी आणि बांधकाम महाग, अशी त्यांची स्थिती असते. वर सांगितलेल्या सूत्रानुसार खारेपणाचा फटका त्यांना लवकर बसतो, आणि खारवट जमिनींत नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते हे वारंवार दिसले आहे. दुसरीकडे, युरिया फोडणारी आणि सेंद्रिय नत्रापासून अमोनियम सोडणारी क्रिया त्या मानाने चिवट असते. परिणामी अमोनियम साचते. वाळवंटी जमिनी बहुधा चुनखडीयुक्त आणि ८ च्या आसपास किंवा त्याहून अधिक सामूच्या असतात. अशा जमिनीत वरच्या थरात साचलेले अमोनियम उन्हाच्या तापाने अमोनिया वायू होऊन उडून जाते.

म्हणून खाऱ्या पाण्यावरील शेतात ‘खत घातले, पण पीक पिवळेच’ ही तक्रार ऐकू आली की आणखी युरिया टाकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: खत पृष्ठभागावर पडून आहे का, आणि नत्राची मात्रा एकदम दिली आहे की विभागून. ठिबकातून थोडे-थोडे आणि ओल्या थरात खोलवर पोहोचेल असे दिलेले नत्र अशा जमिनीत अधिक लागू पडते. याला आणखीही एक कारण आहे: जास्तीचे क्लोराइड मुळाकडून होणाऱ्या नायट्रेटच्या उचलीत अडथळा आणते, त्यामुळे तयार झालेले थोडके नायट्रेटही पिकाला पुरते मिळत नाही.

गवार, लसूणघास यांसारख्या द्विदल पिकांच्या गाठींचे काय होते?

येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गाठी कमी झाल्या म्हणजे गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला देणारा रायझोबियम हा जीवाणू मेला असावा असे वाटते, परंतु पुष्कळदा जीवाणू वनस्पतीपेक्षा अधिक सोशिक असतो. लसूणघासीच्या गाठींत राहणाऱ्या सायनोरायझोबियम मेलिलोटीच्या काही स्ट्रेन (उपप्रकार) ३०० मिलिमोलरपेक्षा अधिक मीठ असलेल्या माध्यमातही वाढतात, म्हणजे ईसी ३० च्या आसपास, जिथे खुद्द लसूणघास टिकणार नाही. हळू वाढणारे ब्रॅडीरायझोबियम मात्र सामान्यतः याहून बरेच नाजूक असतात.

अडते ते दोघांमधील देवघेवीत. मूळ विशिष्ट फ्लॅव्होनॉइड संयुगे सोडून जीवाणूला बोलावते, जीवाणू प्रतिसाद देतो, मुळावरील केस त्याच्याभोवती वाकतो आणि मग आत शिरण्याचा मार्ग तयार होतो. खाऱ्या द्रावणात मुळावरील केसांची संख्या घटते, ते नीट वाकत नाहीत आणि हा संवाद सुरुवातीलाच तुटतो. ज्या गाठी आधीच तयार झालेल्या असतात त्यांतही नत्र स्थिरीकरण मंदावते, कारण गाठीत ऑक्सिजनचा शिरकाव कमी होतो आणि ऑक्सिजन वाहून नेणारे लेगहिमोग्लोबिन हे लाल प्रथिनही घटते.

याची खातरजमा शेतातच करता येते. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप कुदळीने मातीच्या गोळ्यासह काढावे, पाण्यात मूळ हलके धुवावे आणि चार-पाच गाठी नखाने कापून पाहाव्यात. आतून गुलाबी-लाल असेल, तर गाठ काम करत आहे. हिरवट, राखाडी किंवा पांढरी असेल, तर ती निव्वळ ओझे आहे. गाठी मुळाच्या वरच्या भागात अजिबात नसून खाली खोलवर असतील, तर वरच्या थरात क्षार साचल्याची शंका घ्यावी. थरमधील मटकी बहुधा पावसावरच घेतली जाते, त्यामुळे तिला हा त्रास कमी. ओलिताची गवार किंवा लसूणघास घेणाऱ्यांनी ही तपासणी दर हंगामात करणे फायद्याचे आहे.

खजुराच्या मुळांवर केलेल्या अभ्यासांतून काय दिसले?

ट्युनिशियाच्या मरूद्यानांमधील खजुराच्या मुळांचा अभ्यास झाला असून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आली. मरूद्याने एकमेकांपासून दूर होती आणि त्यांच्या जमिनीही वेगवेगळ्या होत्या, तरी खजुराच्या मुळाशी आणि मुळाच्या आत जमणारे जीवाणू बरेचसे सारखे होते. अल्फा आणि गॅमा प्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांचा त्यांत वरचष्मा होता. थोडक्यात, झाड स्वतः निवड करते, आणि मुळाच्या जितके आत जावे तितकी ही निवड कडक होत जाते.

याचा खाऱ्या पाण्याशी संबंध असा. मोकळ्या मातीतील जीवाणूंवर खारेपणाची मात्रा थेट चालते, पण मुळाच्या आतील जीवाणूंना वनस्पतीच्या ऊतींचा आसरा असतो. खजूर स्वतः सोडियम मुळातच अडवून धरण्यात तरबेज असल्यामुळे, आतील रहिवाशांना बाहेरच्या उलथापालथीची झळ कमी बसते. माझ्या मते खजुरासाठी उपयुक्त जीवाणू शोधायचे, तर ते मोकळ्या मातीपेक्षा जुन्या, खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या झाडांच्या मुळांच्या आत शोधणे अधिक शहाणपणाचे आहे.

जीवाणू पिकाला खारेपणा सोसायला खरोखर मदत करतात का?

करतात, आणि त्यांचे मार्ग एकाहून अधिक आहेत. सर्वाधिक चर्चा एसीसी डीअमिनेज या विकराची (एन्झाइमची) होते. ताणाखालील वनस्पती एसीसी या संयुगापासून इथिलीन हे वायुरूप संप्रेरक तयार करते. इथिलीन प्रमाणाबाहेर वाढले की मुळांची वाढ खुंटते. काही जीवाणू मुळातून बाहेर येणारे एसीसी फोडून त्यातील नत्र स्वतः वापरतात, त्यामुळे मुळातील इथिलीनही उतरते. कॅनडातील बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे प्रतिमान मांडले आणि तेव्हापासून ‘इथिलीन कमी करणारा जीवाणू चांगला’ हे जणू ब्रीदवाक्यच झाले.

सौदी अरेबियातून मात्र याच्या उलट जाणारे उदाहरण मिळाले. जिझान भागात वाढणाऱ्या, निळीच्या कुळातील इंडिगोफेरा अर्जेंटिया या वाळवंटी वनस्पतीच्या गाठींमधून एंटरोबॅक्टर एसए१८७ हा जीवाणू वेगळा करण्यात आला. किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की हा जीवाणू वनस्पतीच्या आत केएमबीए नावाचे संयुग तयार करतो, त्यापासून इथिलीन बनते आणि वनस्पतीचा इथिलीनवर आधारित ताण-प्रतिसाद त्यामुळे जागा होऊन तिला खारेपणा सोसवतो. लसूणघासीला खारे पाणी देऊन केलेल्या शेतातील चाचणीतही या जीवाणूमुळे उत्पादन वाढले. म्हणजे एका जीवाणूने इथिलीन घटवून फायदा करावा आणि दुसऱ्याने ते वाढवून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. किती, केव्हा आणि कोणत्या ऊतीत, यावर परिणाम अवलंबून असतो. केवळ एका विकराची चाचणी करून ‘क्षारसहिष्णुता वाढवणारा जीवाणू’ असे लेबल लावणाऱ्या उत्पादनांकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावे.

तिसरा मार्ग सोडियमच्या वाहतुकीचा. बॅसिलस सबटिलिसच्या जीबी०३ या स्ट्रेनने सोडलेल्या वायुरूप संयुगांमुळे अरॅबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत सोडियम वाहून नेणाऱ्या एचकेटी१ जनुकाचे काम मुळात कमी आणि खोडा-पानांत अधिक झाले, आणि एकूण सोडियम साठा घटला, असे २००८ मध्ये दिसून आले. हा प्रयोग प्रयोगशाळेतील आहे. वाऱ्यावर उघड्या असलेल्या वाळूच्या शेतात वायुरूप संयुगांचा तितकाच प्रभाव पडेल असे गृहीत धरता येत नाही.

थेट समुद्राच्या पाण्यावर वाढणाऱ्या पिकांची मुळे निर्जीव असतात का?

मुळीच नाही. सॅलिकॉर्निया बिगेलोव्ही या पिकावर दुबईतील आंतरराष्ट्रीय जैव-क्षार कृषी केंद्राने, म्हणजे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्बा’ने, पुष्कळ काम केले आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील संशोधकांनी समुद्राचे पाणी दिलेल्या सॅलिकॉर्नियाला अ‍ॅझोस्पिरिलम हॅलोप्रेफेरन्स हा नत्र स्थिर करणारा जीवाणू देऊन पाहिला. हा जीवाणू मूळचा पाकिस्तानातील पंजाबच्या खारवट जमिनीवर उगवणाऱ्या कल्लर गवताच्या मुळांवरचा, आणि त्याचे वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. मिठाशिवाय तो नीट वाढतच नाही. खाऱ्या जागेतील नत्राचे काम खाऱ्या जागेचाच जीवाणू करतो, हे यातून स्पष्ट होते.

ठिबक सिंचनाने जीवाणूंवरचा ताण कमी होतो का?

होतो, पण एका अटीवर. ड्रिपरखालची माती सतत ओली राहते, त्यामुळे तेथील द्रावण फार घट्ट होत नाही आणि क्षार ओलाव्याच्या कडेला ढकलले जातात. काही आठवड्यांनी लॅटरलच्या, म्हणजे ठिबकाच्या नळीच्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या खपलीची कडी दिसू लागते. ती नखाने उचलता येते आणि जिभेला लावल्यास खारट-कडू लागते. एकाच झाडाच्या मुळांवर त्यामुळे हातभर अंतरात दोन निराळ्या वस्त्या तयार होतात, आत सर्वसाधारण आणि कडेला क्षारप्रेमी.

धोका असतो तो पहिल्या पावसाचा. हलक्या सरीने कडेचे क्षार विरघळून पुन्हा आत, मुळांच्या दाट भागात येतात. म्हणून अशा सरींच्या वेळी ठिबक बंद करू नये, चालूच ठेवावे. पाऊस पडत असताना पंप चालवणे विचित्र वाटले तरी हाच जाणकारांचा सल्ला आहे. दमदार पाऊस झाला तर उलट आघात होतो. घट्ट द्रावणाला सरावलेल्या पेशीभोवती अचानक गोडे पाणी आले की ती फुगते. जीवाणूंच्या पटलात ताणाने उघडणारे मार्ग असतात, आणि ते क्षणार्धात उघडून साठवलेली संयुगे बाहेर सोडतात, त्यामुळे बहुतेक पेशी वाचतात. बाहेर पडलेल्या बीटेन-प्रोलिनवर आणि फुटलेल्या पेशींवर इतर जीवाणू तुटून पडतात. कोरड्या जमिनीत पहिल्या पावसानंतर नत्र आणि कार्बन डायऑक्साइड एकदम सुटण्यामागे याचाही हात असतो.

साचलेले क्षार धुऊन काढण्यासाठी किती जास्तीचे पाणी द्यावे?

प्रचलित सूत्र असे आहे: पाण्याचा ईसी भागिले (सहन होणाऱ्या मातीच्या अर्काच्या ईसीची पाचपट वजा पाण्याचा ईसी). पाणी ३ ईसीचे आणि खजुरासाठी मर्यादा ४ धरल्यास ३ भागिले १७, म्हणजे सुमारे १८ टक्के पाणी मुळांखाली पाझरून जायला हवे. वाळूत हे सोपे असते. मात्र या पाझरासोबत नायट्रेटही वाहून जाते, त्यामुळे धुण्याचे पाणी खताच्या पाळीला लागून देऊ नये. निचऱ्याला वाट नसेल, तर हे सूत्र वापरून उपयोग नाही. भूजलपातळीच वर येईल.

निक्षारीकरण केलेले पाणी दिले तर प्रश्न सुटतो का?

खारेपणाचा सुटतो, आणि दुसरा उभा राहतो. इस्रायलमध्ये अश्कलोनचा निक्षारीकरण प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाल्यानंतर त्या पाण्यावरील पिकांत मॅग्नेशियमची कमतरता दिसली, कारण मीठ काढताना कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघून जाते. हे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून वापरणे सामान्यतः अधिक व्यवहार्य ठरते. मिश्रणाचे प्रमाण हंगामभर स्थिर ठेवावे. आज ईसी १ आणि परवा ईसी ६ अशी धरसोड मुळांजवळच्या वस्तीला सतत खर्चात पाडते.

शेणखत किंवा कंपोस्ट घातल्याने फरक पडतो का?

माझ्या मते सर्वाधिक फरक यानेच पडतो. खारेपणा सोसणे हा ऊर्जेचा प्रश्न असेल, तर ऊर्जा पुरवणे हे त्याचे सर्वांत सरळ उत्तर आहे. कर्ब मिळाला की जीवाणू क्षारापासून बचाव करणारी संयुगे तयार करू शकतात आणि डिंकासारखा पदार्थही अधिक बनवतात. त्यात पाणी टिकते आणि वाळूचे कण बांधले जातात. दक्षता एवढीच, की शेणखताचा स्वतःचा ईसी तपासून घ्यावा. खाऱ्या पाण्यावर आणि मीठ मिसळलेल्या खुराकावर वाढलेल्या जनावरांचे, तसेच कोंबड्यांचे खत बरेच खारे असू शकते. एक भाग खत आणि पाच भाग शुद्ध पाणी ढवळून, तासाभराने निवळीत ईसी मीटर बुडवल्यास दोन-तीन खतांची तुलना घरीच करता येते.

मग बाजारातील जीवाणू खताची बाटली घ्यावी की नाही?

घेण्यास हरकत नाही, पण क्रम चुकवू नये. आधी निचरा, मग पाण्याचे व्यवस्थापन, मग सेंद्रिय कर्ब आणि त्यानंतर बाटली. गोड्या पाण्याच्या प्रदेशातून वेगळा केलेला, नत्र स्थिर करणारा अ‍ॅझोटोबॅक्टर ईसी ८ च्या मातीत टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. भारतात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने क्षारपड जमिनीतूनच निवडलेले जीवाणू वापरून संवर्धके तयार केली आहेत. निवड अशाच मूळस्थानाची असावी.

बाटलीतील द्रव थेट बोअरच्या खाऱ्या पाण्यात मिसळून टाकीत तासन्‌तास ठेवू नये. शक्यतो गोड्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीत, मुळांजवळ द्यावे. आणि दोन-तीन ओळी जीवाणू न देता सोडाव्यात. बाकी सर्व मशागत सारखी ठेवून त्या ओळींशी तुलना केली नाही, तर चांगल्या हंगामाचे श्रेय बाटलीला आणि वाईट हंगामाचे खापर पाण्यावर, असा हिशेब होतो.

विदर्भातील खारपाण पट्ट्याला हीच माहिती लागू पडते का?

अंशतः. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात भूजल खारे आहे, परंतु जमीन काळी, चिकण आणि खोल आहे. तिथे सोडियम चिकणमातीचे कण विलग करते, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही आणि मुळांजवळच्या जीवाणूंना मिठाइतकाच ऑक्सिजनच्या टंचाईचा त्रास होतो. वाळवंटी वाळूत हवा मुबलक असते. म्हणून खारपाण पट्ट्यात जिप्सम आणि निचरा यांना जे स्थान आहे, ते जैसलमेर किंवा अबुधाबीच्या वाळूत नाही; आणि वाळूत चालणारे ‘जास्तीचे पाणी देऊन धुवा’ हे सूत्र काळ्या जमिनीत अंगाशी येऊ शकते. नत्राविषयी आणि गाठींविषयी वर सांगितलेले मात्र दोन्हीकडे खरे आहे.

मातीच्या जीवाणूंचा जनुकीय अहवाल मागवला आहे. तो कसा वाचावा?

असे अहवाल सामान्यतः जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस या जनुकाच्या वाचनावर आधारलेले असतात. ते कोण हजर आहे हे सांगतात. कोण काम करत आहे हे सांगत नाहीत. कोरड्या, खारवट मातीत मेलेल्या पेशींचा डीएनए दीर्घकाळ टिकू शकतो, त्यामुळे यादीतील काही नावे केवळ अवशेषांची असू शकतात. शिवाय आकडे टक्क्यांत असतात: एखादा गट १० वरून २० टक्क्यांवर गेला, म्हणजे तो वाढला असेल किंवा बाकीचे घटले असतील. एकूण संख्या वेगळी मोजली असल्याशिवाय यांतील काय घडले हे ठरवता येत नाही. मोकळ्या मातीचा नमुना, मुळाला चिकटलेल्या मातीचा नमुना आणि धुतलेल्या मुळाचा नमुना असे तीन वेगळे पाठवावेत. प्रत्येक पिशवीवर तारीख, शेवटचे पाणी दिल्यापासून गेलेले तास, ड्रिपरपासूनचे अंतर आणि त्याच जागेच्या मातीचा ईसी लिहावा. या चार नोंदी नसतील, तर गेल्या वर्षीच्या अहवालाशी यंदाच्या अहवालाची तुलना करू नये.